मे महिन्यात बुजवलेलं मॅनहोल सप्टेंबरात पुन्हा का गळतं?

मांजरा खोऱ्यातल्या एका गावात भुयारी गटारीच्या लाइनवर एक चेंबर, म्हणजे मॅनहोल, आहे. आरसीसीचं, चार मीटर खोल. तीन वर्षांत आम्ही ते तीनदा बुजवलं. पहिल्या वर्षी सिमेंट-वाळूचा माल आणि त्यात वॉटरप्रूफिंगची पुडी. दुसऱ्या वर्षी दोन डब्यांचं पॉलिमर कोटिंग. तिसऱ्या वर्षी पाण्यानं फुगणारं जेल. तिन्ही वेळा काम मे महिन्यात झालं, भिंत कोरडी ठणठणीत दिसली, फोटो निघाले, बिल निघालं. आणि तिन्ही वेळा गणपती उठायच्या सुमारास त्याच जागेतून पाणी सुरू झालं. सुपरवायझर मी होतो आणि माल मीच निवडला होता.

त्या चेंबरनं मला जे शिकवलं ते इथे लिहितोय. लातूर, नांदेड, परभणी या पट्ट्यात ड्रेनेजची कामं करणाऱ्या बहुतेकांना हाच अनुभव येतो, आणि बहुतेक जण दर वर्षी माल बदलत राहतात. तिन्ही माल वाईट नव्हते. गळती कुठली, पाणी कुठलं आणि ती चीर हलती की मेलेली, हे न बघता आम्ही दुकानात गेलो होतो. दुकानदार विचारतो, "किती स्क्वेअर फूट?" त्याचा तो प्रश्न बरोबर आहे, पण आपला पहिला प्रश्न तो नव्हे.

आधी एक गोष्ट: खाली कुणी उतरायचं नाही

झाकण उघडलं आणि मिस्त्री शिडी लावून उतरला, असं अजूनही होतं. ते थांबवा. सडक्या अंड्याचा वास येतोय तोवर निदान कळतं तरी. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढून शंभर पीपीएमच्या आसपास गेलं की नाकच मरतं, वास येणं बंद होतं आणि माणसाला वाटतं गॅस गेला. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला उतरवण्यावर बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिली. पण पैशानं कुणाच्या घरातला माणूस परत येत नाही.

सफाई जोराचं पाणी मारणाऱ्या जेटिंग मशिननं वरून करा. दुरुस्तीसाठी उतरावंच लागलं तर वरची आणि खालची लाइन पाइपात फुगवायच्या रबरी फुग्यानं बंद करा, ब्लोअर चालू ठेवा, दोरीला बांधलेलं गॅस मीटर आधी खाली सोडा. प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली किंवा हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमवर असेल तर काम नाही. तिपाई, हार्नेस आणि वर दोन माणसं असल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. खाली सांगितलेली बरीचशी तपासणी तर वरून बॅटरी आणि काठीला बांधलेल्या मोबाइलनं होते.

पाणी कुणाचं आहे?

आत येणारं पाणी चार ठिकाणचं असू शकतं, आणि त्यातल्या दोन ठिकाणी मॅनहोलच्या भिंतीला हात लावायची गरजच नसते.

पहिलं नळाचं. आपल्याकडच्या गावांत नळ रोज येत नाही; कुठं चार दिवसांनी, कुठं आठ. मॅनहोलची भिंत फक्त नळ आलेल्या दिवशी पाझरत असेल तर शेजारची पाण्याची लाइन फुटलेली आहे. खात्री करायला ओटी टेस्टची बाटली पुरे, तीच जी ग्रामपंचायतीचा माणूस नळाच्या पाण्याला लावतो. भिंतीतून येणारं स्वच्छ पाणी नळीत धरा, थेंब टाका, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, म्हणजे पाणी नळाचं. पिवळं झालं नाही म्हणून नळाचं नाहीच असं मात्र समजू नका. मातीतून येताना क्लोरीन संपूनही जातो. नळाच्या पाण्याची गळती मॅनहोलमधून बुजवली तर पाणी दुसरीकडं रस्ता काढतं आणि पुढच्या महिन्यात रस्ता खचतो.

दुसरं कालव्याचं. परभणीकडं जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की भोवतालची भूजल पातळी वर येते. पावसाचा थेंब नसताना जानेवारीत चेंबर गळतंय म्हणून लोक चक्रावतात. आवर्तनाची तारीख आणि गळतीची तारीख एका वहीत लिहा. दोन हंगामांत चित्र स्पष्ट होतं.

तिसरं रस्त्यावरचं. पाऊस पडतोय तोवर धो धो, पाऊस थांबला की तासाभरात बंद, तर पाणी ढाप्यातून (मॅनहोलच्या झाकणातून) किंवा ढाप्याच्या चौकटीखालून येतंय. कोरड्या दिवशी ढाप्याभोवती मातीचा बांध घाला, टँकरचं पाणी सोडा, आत बॅटरी मारा. दहा मिनिटांत कळतं. (पावसात रस्त्यावरचं पाणी जावं म्हणून लोक ढापा उचलून ठेवतात ती गोष्ट वेगळी. तिचा इलाज मालात नाही, पावसाळी नालीत आहे.)

चौथं खरं भूजल. पाऊस थांबल्यावरही दिवस दिवस, आठवडे आठवडे, एकाच वेगानं, थंड आणि स्वच्छ. पहाटे तीन-साडेतीनला गाव झोपलेलं असताना झाकण उघडून बघा. त्या वेळी गटारीत निवळ पाणी वाहत असेल तर ते माणसांचं नाही, जमिनीचं आहे. भिंतीवर पांढरे ओघळ दिसतील. ती काँक्रीटमधून धुऊन आलेल्या चुन्याची खूण आहे, आणि कोरड्या मे महिन्यातही ती राहते. आम्ही तिन्ही वर्षं हे पांढरे ओघळ बघितले आणि खरवडून टाकले. तेच खडूनं गोल करून ठेवायला हवे होते.

गळती लहान दिसते म्हणून सोडू नका. आमच्या चेंबरमध्ये नळी बसवून पाणी मोजलं तेव्हा दहा लिटरची बादली ५० सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला १७,२८० लिटर. ड्रेनेज असलेल्या गावाला माणशी १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ८० टक्के गटारीत येतं असा हिशेब करतात, म्हणजे माणशी १०८ लिटर. एका भोकातून १६० माणसांचं सांडपाणी येतं एवढा तो बोजा. पंप ते ओढतो, वीज लागते, शुद्धीकरण केंद्रात ते मिसळतं.

आणि उन्हाळ्यात उलट होतं. भूजल खाली गेलं की त्याच भोकातून मैला बाहेर जातो, जवळच्या बोअरकडं. पाणी आत येताना दिसतं म्हणून आपण धावतो. बाहेर जाताना दिसत नाही, पण त्रास तेव्हाचाच मोठा.

काळी माती काय करते

हा भाग समजल्याशिवाय माल निवडता येत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो.

आपल्याकडं वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मॅनहोलचं बूड बहुतेक वेळा मुरमावर किंवा दगडावर टेकलेलं असतं, ते हलत नाही. वरचे दोन मीटर काळ्या मातीत. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आवळते. एप्रिल-मेमध्ये शेतात जशा हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशीच माती मॅनहोलच्या भिंतीपासूनही सुटते आणि भोवती एक गोल फट तयार होते. मृगाचा पहिला पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी या फटीतून सरळ खाली उतरतं, पाइप जिथं भिंतीत शिरतो तिथपर्यंत. माती अजून कोरडीच असते, पण पाइपाच्या तोंडाशी पाणी साचलेलं असतं.

पाइपही एका जागी राहत नाही. चेंबर दगडावर, पाइप भरावावर. भराव बसला की पाइप दोन-चार मिलिमीटर खाली जातो, पावसाळ्यात माती फुगली की वर ढकलला जातो. मिस्त्रीनं पाइपाभोवती घातलेला सिमेंटचा कडक वाटा, म्हणजे सांध्याभोवतीचं गोल लिंपण, या हालचालीला तडकणारच. आमच्याकडचा एक म्हातारा मिस्त्री, सगळे त्याला मामा म्हणतात, तिसऱ्या वर्षी जेल भरताना म्हणाला होता, "साहेब, पानी बंद करायलेत तुम्ही, पर पाइप हालायलाय त्याचं काय?" मी ते मनावर घेतलं नाही.

आता पाइप बहुतेक प्लॅस्टिकचे येतात, दुहेरी भिंतीचे नालीदार किंवा यूपीव्हीसी. गुळगुळीत प्लॅस्टिकला सिमेंट चिकटतच नाही. वरून वाटा कितीही सुंदर दिसो, पाइप आणि माल यांच्यामध्ये केसाएवढी फट पहिल्या दिवसापासून असते. नवीन काम असेल तर पाइपावर रबरी रिंग किंवा वाळू चिकटवलेला कपलर बसवून मगच भिंतीत काँक्रीट करा, आणि भिंतीच्या बाहेर लगेच एक लवचीक सांधा द्या. जुन्या कामात हे जमत नाही, म्हणून माल शोधावा लागतो.

चीर हलती आहे का हे कसं कळेल? हात पोचेल अशा वरच्या चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी इपॉक्सीनं दोन्ही टोकांना चिकटवा. मे ते ऑक्टोबर ठेवा. काच फुटली तर चीर जिवंत आहे. पाइपाच्या सांध्याला काच लावायची गरज नाही. काळ्या मातीत तो हलताच धरा.

आता माल

धार चालू असेल तर पहिलं काम पटकन घट्ट होणाऱ्या सिमेंटचं, ज्याला बाजारात प्लगिंग कंपाउंड म्हणतात. एक ते तीन मिनिटांत घट्ट. यात चूक होते ती छन्नीच्या कामात. इंग्रजी व्ही सारखी खाच काढली तर पाण्याच्या दाबानं बूच बाहेर पडतं. खाच चौकोनी, जमल्यास आत जरा जास्त रुंद, किमान २० मिलिमीटर रुंद आणि तेवढीच खोल हवी. हातात मावेल एवढाच माल कालवा. आपल्या ४२ अंशांत तो घमेल्यातच दगड होतो, म्हणून माठातलं पाणी वापरा. गोळा हातात कोमट लागायला लागला की खाचेत दाबा आणि हलवू नका. हातमोजे घालूनच. लांब चीर वरून खाली बुजवत या आणि सगळ्यात जोराची जागा शेवटी ठेवा. तिथं अर्ध्या इंचाची नळी बसवून पाण्याला वाट द्या, बाकी सगळं घट्ट झाल्यावर नळी बंद करा. सगळीकडून एकदम कोंडलं तर पाणी कमजोर जागा शोधतं.

पण प्लगिंग हा तात्पुरता बांध आहे. ते कडक असतं, हलत्या चिरेत टिकत नाही. धार थांबवून पुढचं काम करायला जागा मिळावी एवढाच त्याचा उपयोग. अनेक ठिकाणी काम इथंच संपवतात, आणि गळती पुन्हा पुन्हा येण्याचं एक मोठं कारण तेच आहे.

चिरेतून, काँक्रीटच्या एकावर एक रचलेल्या रिंगांच्या सांध्यातून आणि पाइपाच्या भोवतीनं येणाऱ्या भूजलाला माझ्या मते पॉलियुरेथेन (पीयू) या रसायनाचं इंजेक्शनच लागतं. इथं दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक मराठवाड्यात निर्णायक आहे. एक जात पाण्याला भेटली की फेस होऊन फुगते आणि मग तशीच राहते. पाणी गेलं तरी तिचा आकार जात नाही. तिला पाणी नको असणारी, हायड्रोफोबिक म्हणतात. दुसरी पाणी पिऊन जेल होते, हायड्रोफिलिक. ती ओल असेपर्यंत उत्तम चिकटते, लवचीक राहते, पण कोरडी पडली की आक्रसते. ज्या भागात भूजल बारा महिने वर असतं तिथं ती चांगली. आपल्याकडं वरच्या दोन-अडीच मीटरमागची माती फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कोरडी असते. जेल सुकतं, कडेनं सुटतं, आणि सप्टेंबरात पाणी आलं की ते पुन्हा फुगायच्या आत आजूबाजूनं रस्ता झालेला असतो. आमचं तिसऱ्या वर्षीचं जेल असंच गेलं. माल अव्वल होता, पण जागा त्याची नव्हती.

तरी हायड्रोफिलिक पूर्ण बाद करू नका. अगदी तळाशी, वाहत्या गटारीच्या पातळीला, पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागात ओल कायम असते. तिथं ती चालते. वरच्या भिंतीत आणि रिंगांच्या सांध्यांत फेस होणारी, त्यातही लवचीक फेसाची जात घ्या. फेस दोन प्रकारचा मिळतो: कडक, जो पोकळी भरायला बरा, आणि रबरासारखा, जो हलत्या चिरेला लागतो. दुकानात नुसतं "पीयू द्या" म्हणालात तर कुठला मिळेल सांगता येत नाही. डब्यावरची माहिती वाचा, किंवा थोडा माल प्लॅस्टिकच्या ग्लासात पाण्यात टाका, घट्ट झाल्यावर बोटानं दाबून बघा. मग तोच तुकडा आठ दिवस उन्हात ठेवा. आक्रसला तर तो वरच्या भिंतीत घालू नका. ही परीक्षा फुकटची आहे आणि मी आता प्रत्येक नव्या मालाची घेतो.

इंजेक्शन करताना भोक चिरेत सरळ मारायचं नसतं. चिरेच्या बाजूला, तिरकं, ४५ अंशांत, भिंतीच्या मध्यावर चिरेला छेदेल असं. एक भोक डावीकडून, पुढचं उजवीकडून. दोन भोकांत साधारण भिंतीच्या जाडीएवढं अंतर. पॅकर, म्हणजे माल आत ढकलायची भोकात घट्ट बसणारी तोटी, बसवा, आधी नुसतं पाणी मारून धूळ काढा, मग सगळ्यात खालच्या पॅकरपासून वर या. वरच्या पॅकरमधून माल डोकावला की पुढं सरका. दाब हळूहळू वाढवा. जुन्या काँक्रीटला जोराचा दाब दिला तर ते सोलून निघतं. भिंत पातळ असेल, जुन्या प्रीकास्ट (आधीच ओतून आणलेल्या) रिंगांची असते तशी, तर आरपार भोक मारून भिंतीमागं माल सोडायचा. त्यानं मागची पोकळीही भरते आणि बाहेरून एक पडदा तयार होतो. हा माल डोळ्यांना आणि फुप्फुसांना वाईट आहे, बंद चेंबरमध्ये तर जास्तच, त्यामुळे चष्मा, मास्क आणि ब्लोअर यांत सूट नाही.

पाइपाभोवतीची रुंद फट नुसत्या इंजेक्शननं भागत नाही, माल वाहून जातो. तिथं एक जुनी, चांगली पद्धत आहे: तागाची कोरडी वळलेली दोरी या पॉलियुरेथेन मालात बुडवायची, ओल्या हातानं पिळायची आणि छन्नीनं फटीत ठासायची. ताग माल धरून ठेवतो, माल ओलीनं फुगतो आणि फट भरते. त्यावर प्लगिंगचा थर, आणि मागून इंजेक्शन. पाइप दोन मिलिमीटर हलला तरी ताग आणि फेस त्याच्याबरोबर हलतात.

इपॉक्सी इंजेक्शनबद्दल लोकांचा समज असतो की महाग म्हणजे चांगलं. इपॉक्सी कोरडी, मेलेली चीर पुन्हा एकजीव करते. ढाप्याखालच्या स्लॅबला ट्रकच्या वजनानं तडा गेला असेल तर तिथं ती योग्य. ओल्या, हलत्या चिरेत साधी इपॉक्सी धरत नाही, आणि समजा धरलीच तर शेजारी नवी चीर पडते, कारण हालचाल तर कुठंतरी होणारच.

क्रिस्टलाइन पावडरचं कोटिंग सगळीकडं विकलं जातं. ते काँक्रीटच्या आत स्फटिक वाढवून बारीक छिद्रं बंद करतं. सगळ्या भिंतीला घाम फुटल्यासारखी ओल असेल, पण धार कुठंच नसेल, तर ते चांगलं काम देतं. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतल्या भेगांपलीकडं त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. हनीकोंब, म्हणजे गिट्टीत माल न भरल्यानं राहिलेली पोकळ जागा, त्यानं बुजत नाही. ती फोडून, पोकळी भरून, न आक्रसणाऱ्या पॉलिमर मालानं पुन्हा बांधावी लागते.

आणि रंगासारखी कोटिंगं, डांबर, रबरी पेंट. ही आतून लावली की पाणी त्यांना मागून ढकलतं. पाण्याचा एक मीटर उंचीचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला एक टन. चार मीटरच्या चेंबरमध्ये भूजल जमिनीखाली एक मीटरवर आलं असेल तर तळाशी तीन टन. मे महिन्यात कोरड्या भिंतीला ते सुंदर बसतं, सप्टेंबरात फोड येतात. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या पॉलिमर कोटिंगची अशी पापडी निघाली होती. आतून लावायचं ते काँक्रीटमध्ये मुरणारं किंवा त्याला घट्ट बांधून घेणारं हवं, आणि त्याआधी गळती बंद झालेली हवी.

साध्या सिमेंट-वाळूच्या गिलाव्याबद्दल एवढंच म्हणतो की तो आक्रसतो, जुन्या काँक्रीटला नीट धरत नाही आणि चालत्या पाण्यात धुऊन जातो. पटकन घट्ट व्हावा म्हणून कुणी क्लोराइडचं औषध घालत असेल तर तेही नको. आतली सळई गंजते.

वरचा भाग भुसभुशीत झाला असेल तर

काही चेंबरमध्ये पाण्याच्या पातळीवरची भिंत आणि ढाप्याची खालची बाजू ओल्या चुन्यासारखी मऊ झालेली दिसते. स्क्रू ड्रायव्हर टोचला की आत जातो, गिट्टी उघडी पडलेली असते. ही वेगळी बिमारी आहे. साचलेल्या मैल्यात जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तो वर येऊन ओल्या भिंतीवर बसतो, तिथले दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि सिमेंट खाल्लं जातं. आपली गिट्टी काळ्या पाषाणाची, ती तशीच उभी राहते. तिच्याभोवतीचं सिमेंट जातं.

आपल्याकडं हे जास्त होतं याचं कारण पाणीटंचाईत आहे. गटारीत मैला वाहता राहायला पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर लागतो. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात एवढं पाणी गटारीत येणार कुठून? २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा दिवसांत ड्रेनेज लाइनमध्ये नुसता गाळ बसून कुजतो. त्यात आपली उष्णता.

तपासायला पीएचची कागदी पट्टी ओल्या भिंतीला लावा. चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पट्टी दहाच्या वर जाते. चारच्या खाली आली तर आम्लाचं काम चालू आहे. मऊ थर पूर्ण, अगदी कडक काँक्रीट लागेपर्यंत, जोराच्या पाण्यानं काढल्याशिवाय वर काहीही लावू नका.

इथं एक चुकीचा सल्ला वारंवार ऐकतो: सल्फेट प्रतिरोधक सिमेंट वापरा. ते सिमेंट जमिनीतल्या, भूजलातल्या सल्फेटसाठी आहे. आम्लाला ते साध्या सिमेंटइतकंच बळी पडतं. आम्लाच्या जागी कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटचा माल बराच जास्त टिकतो. तो साध्या सिमेंटच्या घमेल्यात, मिक्सरमध्ये मिसळू देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्षणात घट्ट होतात आणि माल वाया जातो. आम्लाचा मारा फार असेल, पंपिंगची लाइन जिथं येऊन पडते तिथं असतो तसा, तर त्यावर इपॉक्सी किंवा पॉलियुरियाचं अस्तर. पण अस्तर कोरड्या भिंतीलाच, आणि मागून येणारं पाणी आधी थांबवूनच.

मग काम कधी करायचं?

मी आता असं करतो: ओळख भाद्रपदात, इंजेक्शन कार्तिकात, अस्तर फाल्गुनात. मराठवाड्यात परतीचा पाऊस मोठा असतो, भूजल सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सगळ्यात वर. तेव्हा प्रत्येक भोक स्वतः बोलतं. खडूनं गोल करा, फोटो काढा, नोंद ठेवा. पाऊस उघडल्यावर पण पाणी असतानाच इंजेक्शन, कारण पाणी जिथून येतं तिथंच माल जायला हवा आणि फेस व्हायला पाणीच लागतं. कोरड्या चिरेत मारला तर आधी पाणी मारावं लागतं आणि खरी वाट कुठली हे कळत नाही. अस्तर, कोटिंग, गिलावा हे सगळं उन्हाळ्याच्या तोंडावर, भिंत कोरडी असताना. अडचण टेंडरची आहे. मार्चअखेर निधी आणि मे महिन्यात काम, असं वेळापत्रक असतं. निदान ऑक्टोबरच्या पाहणीचे फोटो अंदाजपत्रकाला जोडायची मागणी तरी आपण करू शकतो.

आणि बाहेरची माती. चेंबरभोवती दीड फूट रुंद रिंगण खोदून काळी माती काढा, तिथं चांगला मुरूम थर-थर कुटून भरा, वर काँक्रीटचा उतार द्या. न फुगणाऱ्या मातीचा थर घालून काळ्या मातीची हालचाल आवरायची ही कल्पना आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक कट्टींनी मांडली आणि कालव्यांच्या अस्तरांखाली ती वापरली गेली. मॅनहोलभोवती तिचा पहिला फायदा हा की उन्हाळ्यातली ती गोल फटच पडत नाही. ढाप्याची चौकट न आक्रसणाऱ्या ग्राउटमध्ये (ओतायच्या पातळ मालात) बसवा आणि मानेच्या, म्हणजे ढाप्याखालच्या अरुंद भागाच्या, आतून रबरी पट्टा लावा. रस्त्याचं नवीन डांबर पडलं की ही मान पहिली तडकते.

त्या चार मीटरच्या चेंबरवर चौथ्या वेळी काम दिवाळीनंतर केलं. पाइपाच्या दोन्ही तोंडांना ताग ठासून रबरी फेसाचं इंजेक्शन, मधल्या रिंगेच्या सांध्याला नऊ पॅकर, बाहेर मुरमाचं रिंगण. अस्तर फेब्रुवारीत. मग दोन्ही बाजू फुग्यानं बंद करून चेंबर मानेपर्यंत पाण्यानं भरलं. नवं काँक्रीट पाणी पितं म्हणून पहिला दिवस सोडून दिला, पुन्हा भरलं आणि दुसऱ्या दिवशीची पातळी मोजली. खुणेपासून बोटभरही उतरली नव्हती. मामानं स्वतः पट्टी धरली होती.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. पाइपांचे सांधे कोरडे आहेत. मधल्या सांध्याला पश्चिमेच्या बाजूनं वीतभर ओल गेल्या सप्टेंबरात दिसली, धार नाही. तिथं खडूची खूण केली आहे आणि यंदा नऊऐवजी अकरा पॅकर लावायचे आहेत.